धर्माचा वृषभ आणि शर्यतीचा बैल

आज श्रावणी अमावास्या, बैलपोळा. काल सायंकाळी गावोगावी खांदमळणी झाली असेल. वर्षभर जुवाखाली घासून राठ झालेल्या खांद्यांना हळद-तूप चोळून उद्या जेवायला येण्याचे आवतण बैलांना दिले गेले असेल. आज त्यांना नदीवर स्नान, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळी बाशिंग. गृहलक्ष्मी ओवाळून पुरणपोळीचा घास भरवील. ज्या घरी गोठा उरला नाही, तेथे मातीची जोडी पाटावर मांडली जाईल. आजच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत आणि त्याच्यावर चाबूकही उगारीत नाहीत.

परंतु माघ-चैत्रातील यात्रा आल्या की याच बैलाला आपण शर्यतीच्या घाटात उभे करतो. त्या वेळी आपला हात कसा वागतो, हा प्रश्न आजच्या पवित्र दिवशी विचारणे मला आवश्यक वाटते.

आपल्या शास्त्रचर्चेची रीत अशी की, प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडावा. शर्यतीच्या बाजूने बोलणारे लोक निर्दय नाहीत. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतील बैलगाडा असो, सातारा-सांगलीकडील मैदाने असोत, की विदर्भातील शंकरपट असो. तेथील कित्येक मालक स्वतः अर्धपोटी राहून बैलाला खुराक घालतात. ते म्हणतात, ट्रॅक्टर आल्यापासून खिल्लार बैलाला शेतात काम उरले नाही; शर्यतही गेली तर हे देखणे जनावर सांभाळणार कोण? या म्हणण्यात तथ्य आहे. शास्त्राचाही आधार ते देतात. नाग्नजितीच्या विवाहासाठी भगवान श्रीकृष्णाने सात उन्मत्त वृषभ आवरले, ही कथा श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात आहेच. तमिळनाडूतील जल्लिकट्टूतही पोंगलच्या सणात तरुण बैलाच्या वशिंडाला मिठी घालतात, आणि त्या परंपरेची मुळे प्राचीन संगम साहित्यात सापडतात.

न्यायालयांतही हा वाद दीर्घकाळ चालला. 2011 साली केंद्र शासनाने खेळासाठी प्रदर्शित करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदी आणली. 2017 साली चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अपार जनसमुदाय लोटला. तमिळनाडूने आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर 2021 मध्ये आपल्याकडील शर्यतींना सशर्त अनुमती मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरविल्या. नियमांनी चाबूक, टोचणी आणि विजेचा झटका यांना मनाई केली आहे. म्हणजे राजदंडाचा प्रश्न तूर्त मिटला. पण कायद्याने अनुज्ञा दिली म्हणून कर्म धर्म्य ठरते काय? तो निर्णय ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात करावयाचा आहे.

आता उत्तरपक्ष. भगवंताने ते सात वृषभ कसे आवरले? भागवतकार सांगतात की त्याने सात रूपे धारण केली आणि लहान मुलाने लाकडी बैल दोरीने ओढावेत तसे त्यांना लीलया बांधून ओढले. तेथे आर नाही, मद्य नाही, पैज लावणारा जमाव नाही. तान्ह्या पोळ्याला विदर्भातील बालगोपाळ लाकडी बैल मिरवितात, तेव्हा मला ही उपमा हटकून आठवते. सामर्थ्य भगवंताचे होते. बैलाच्या वेदनेवर त्याने आपला विजय उभारला नाही.

याच भागवताच्या प्रथम स्कंधात दुसरी कथा आहे. दिग्विजयास निघालेल्या परीक्षित राजाला एका पायावर उभा असलेला एक वृषभ दिसला. राजाचा वेष घेतलेला एक पुरुष हाती दंड घेऊन त्याला मारीत होता. तो वृषभ म्हणजे साक्षात धर्म आणि मारणारा कली. धर्माचे चार पाय तप, शौच, दया आणि सत्य. पहिले तीन मोडले होते. कशाने? तप गर्वाने, शौच आसक्तीने आणि दया मदाने. दया मोडण्यास द्वेषच लागतो असे नाही, धुंदी पुरते, असे व्यासमहर्षी सांगतात. घाटात भिर्रर्र असा गजर उठतो, गुलाल उधळतो, तेव्हा गोठ्यात जीव लावणाराच मालक क्षणभर बैलाची शेपटी पिरगाळतो, हे आपण पाहतो. तो दुष्ट नसतो. त्याला त्या घटकेला मद चढलेला असतो.

पुढे कली शरण आला. राजाने त्याला राहण्यास द्यूत, मद्यपान, व्यभिचार आणि हिंसा ही चार स्थाने दिली. त्याने आणखी मागितले, तेव्हा सुवर्ण दिले. आपल्या यात्रेचे मैदान या यादीशी ताडून पाहावे. जेथे बैलांवर पैजा लागतात, मागे बाटल्या फुटतात आणि ट्रॅक्टर-मोटारींच्या बक्षिसांसाठी वैर पेटते, तेथे ग्रामदैवताचे नाव फलकावर असले तरी वस्ती कोणाची, हे वेगळे सांगणे नको.

आता एक कबुली. शर्यती पुन्हा सुरू झाल्यानंतरची गोष्ट. एका गावी दिवसा शर्यत आणि रात्री माझे कीर्तन असा बेत होता. यजमानांच्या जोडीने नंबर काढला होता. सायंकाळी गोठ्यात जाऊन मी त्या पांढऱ्याशुभ्र खोंडाच्या पाठीवरून हात फिरवीत होतो. यजमानांचा धाकटा मुलगा चटकन म्हणाला, "बुवा, तिथं हात लावू नका, लाथ मारील." मी वाकून पाहिले. शेपटीच्या बुडाशी टोचल्याच्या बारीक खुणा होत्या आणि रक्त सुकले होते. त्या रात्री उत्तररंगाला मी परीक्षिताचेच आख्यान लावले, पण गोठ्यात पाहिलेल्या त्या खुणांविषयी अवाक्षर काढले नाही. सकाळी बिदागी घेऊन परतलो. भागवतातील वृषभाने छळणाऱ्याचे नाव सांगितले नाही, ती त्याची धर्मनिष्ठा होती. माझे मौन मात्र केवळ संकोचाचे होते. पुढील वर्षी त्याच गावी मी ते बोललो. काही मंडळी उठून गेली, यजमान मान खाली घालून बसून राहिले. त्यानंतर तेथून मला निमंत्रण आलेले नाही. तरीही पहिल्या वर्षी बोलायला हवे होते, ही रुखरुख गेली नाही.

वाचकहो, हा दोष केवळ आपला नव्हे. गोव्यात धीरयो नावाने बैलांची झुंज लावीत. 1996 साली उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली, तरी चोरून झुंजी होतातच. स्पेनमधील पांप्लोना नगरात दरवर्षी 7 ते 14 जुलै या काळात संत फर्मिन यांच्या उत्सवात बैल रस्त्यांतून धावविले जातात आणि सायंकाळी रिंगणात मारले जातात. त्या लोकांच्याच धर्मगुरूंनी, पोप पाचवे पायस यांनी, 1567 मध्ये अशा झुंजींचा निषेध करणारे आज्ञापत्र काढले होते. खेळ मात्र थांबला नाही. देवाचे नाव घेऊन जनावराला राबविण्याचा मोह सर्वत्र सारखाच आहे.

आपल्याकडे त्यावर उतारा मात्र फार जवळ आहे. ज्ञानोबा माउलींनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे, बैलगाड्याच्या ऐन मुलखात. रेड्याच्या पाठीवर आसूड बसला आणि वळ माउलींच्या अंगावर उमटला, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती समाधी पाहून घाटाकडे वळणाऱ्याने हा वळ विसरू नये.

म्हणून शर्यत बंद करा, असे मी म्हणत नाही. जो बैल आनंदाने धावतो, त्याला धावू द्यावे. परंतु ज्याला धावविण्यासाठी टोचावे लागते, तो नाही म्हणत आहे, एवढे ओळखावे. यात्रा समितीने पैज आणि मद्य मैदानाबाहेर ठेवावे, नंबराबरोबर निरोगी, व्रणरहित जोडीलाही मान द्यावा, आणि बैल थकल्यावर त्याला बाजार न दाखविता दावणीला सांभाळणाऱ्याचा जाहीर सत्कार करावा. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या रथाला जोडी लावण्याचा मान मिळावा म्हणून घराणी वाट पाहतात. बैलाच्या निमित्ताने मान मिळविण्याची ती रीत आपल्याला ठाऊक आहेच.

आज ओवाळून झाल्यावर घरधन्याने बैलाच्या सर्वांगावरून, शेपटीच्या बुडापर्यंत, सावकाश हात फिरवावा. कोठे त्याने अंग चोरले, तर तेथे थांबावे, हळद लावावी, आणि तो व्रण कोणाच्या हाताने झाला ते स्वतःला विचारावे. मगच पुरणाचा घास पुढे करावा.