ग्रासकटर थकला, आता काय घ्यायचं?

दोरी ओढून ओढून हात भरून येतो, इंजिन एकदाच खोकतं आणि बंद पडतं. भाद्रपदात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात असे ग्रासकटर भिंतीला टेकून उभे दिसतात. नेमकी तेव्हाच कलमांच्या बागेत बेणणीची घाई असते. गवत वेळेत उतरलं नाही तर उन्हाळ्यात वाळतं आणि एका ठिणगीने आंबा-काजूची उभी बाग वणव्यात जाते. मजूर मिळेनासे झाले तसं कोयत्याचं हे काम पेट्रोलच्या यंत्राकडे आलं. त्यातली बरीच यंत्रं आता थकली आहेत.

मात्र बंद पडलेलं प्रत्येक यंत्र मेलेलं नसतं. पुष्कळदा दोष पेट्रोलचा असतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत टाकीत महिनोन् महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचे दोन थर होऊ शकतात: वर पेट्रोल, तळाशी पाणी आणि इथेनॉल. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातूनच, आणि हे तेल वरच्या थरात राहतं. इंधनाची नळी ओढते तळातलं. इंजिन कोरडं चालतं, पिस्टनवर ओरखडे उठतात, शेवटी ते जाम होतं. त्याआधी कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा कडक होतो. हा पडदा स्वस्तात बदलता येतो. पण दोरी अगदी हलकी येत असेल, म्हणजे कॉम्प्रेशन गेलं असेल, तर सिलिंडर-पिस्टनवर खर्च करण्याआधी नव्या यंत्राची किंमत विचारावी.

आता दुकानदार बॅटरीवरचं यंत्रही पुढे करतो. जगही त्या दिशेने निघालं आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून बागकामाच्या नव्या छोट्या यंत्रांच्या इंजिनांवर धूर न सोडण्याची अट आली. पेट्रोलवरचा पाला उडवणारा ब्लोअर तासभर चालवणं म्हणजे २०१७ची टोयोटा कॅम्री सुमारे १,१०० मैल पळवण्याइतकं धुरकं तयार करणं, असा हिशेब तिथल्या हवा मंडळाने मांडला होता.

कोकणातल्या डोंगरउतारावर मात्र आणखी एक हिशेब करावा लागतो. लिटरभर पेट्रोलात सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं. तरी पात्यापर्यंत एक-दीड युनिट पोचतं. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ०.१८ युनिट. लिटरभर पेट्रोलचं काम करायला अशा सहा-आठ बॅटऱ्या लागतील. अंगण, परसबाग, घराभोवतीचे दहा-वीस गुंठे यांना बॅटरी उत्तम. ओली रानमोडी माजलेल्या दोन एकरांच्या उतारावर, जवळ वीज नसताना, आज तरी पेट्रोलच हवं. तिथे फोर-स्ट्रोक घ्यावा. तो थोडा जड असतो, पण तेल वेगळं राहतं आणि मिश्रणाचा घोळ संपतो.

या सगळ्यात एका माणसाचा विचार राहून जातो: यंत्र खांद्यावर घेऊन उतारावर दिवसभर फिरणारा गडी. पेट्रोलच्या ग्रासकटरचा आवाज कानाशी सहज ९० डेसिबलच्या वर जातो. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालू शकतं. ९४ डेसिबलला ही मर्यादा एका तासावर येते, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मोजमाप सांगतं. मुठीतली थरथर वर्षानुवर्षं सोसली की बोटं बधिर होतात, थंडीत पांढरी पडतात. बॅटरीच्या यंत्राचा खरा फायदा इथे आहे, आणि मालकाच्या विजेच्या बिलात तो दिसत नाही.

म्हणून खरेदी करताना यंत्र हातात घेऊन, पट्टा लावून बघायचं काम त्या गड्यालाच करू द्यावं. एका खांद्याच्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा मागावा. कानावरचे मफ आणि तोंडावरची जाळी त्याच बिलात घ्यावी. नायलॉनची दोरी कोवळ्या गवतापुरतीच वापरावी. लहान कलमाच्या बुंध्याला ती लागली तर साल चहूबाजूंनी सोलली जाते आणि झाड वाळतं, तेव्हा आळं विळ्यानेच साफ करावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावं. बॅटरी असेल तर ती अर्धवट भरून घरात, कोरड्या जागी ठेवावी.