फ्लाय फिशिंगची छडी कशी निवडावी?

रायपूर – मध्य भारताच्या जंगलांत विपुल प्रमाणात आढळणारा, महाराष्ट्रात मानवेल या नावाने परिचित असलेला बांबू एकोणिसाव्या शतकात परदेशी शौकिनांच्या हाती पोहोचला होता. या जातीचा बांबू कलकत्ता बंदरातून निर्यात होत असे. तो उभा चिरून त्याच्या पट्ट्यांपासून अमेरिका व ब्रिटनमध्ये मासेमारीच्या छड्या तयार केल्या जात. तेथे त्याला ‘कलकत्ता बांबू’ असेच म्हटले जाई. आज मात्र छत्तीसगडमधील हौशी मासेमार फ्लाय फिशिंगकडे वळला, तर त्याच्या हाती बहुधा कार्बन तंतूंची छडी येते. तिच्या मुठीजवळ छापलेल्या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसेल, तर पैसे वाया जातातच. शिवाय माशाच्या जिवालाही धोका संभवतो.

वजन गळाचे नव्हे, दोरीचे

खारून किंवा शिवनाथ नदीच्या काठी बसून गळ टाकणारा मासेमार आमिष अथवा शिशाच्या वजनाच्या आधारे दोरी दूर फेकतो. फ्लाय फिशिंगमध्ये मात्र गळाला पिसे व धागे बांधून कृत्रिम माशी तयार केलेली असते आणि तिला जवळजवळ वजनच नसते. त्यामुळे येथे फेकली जाते ती जाड, जड दोरी. माशी तिच्या मागोमाग जाते. छडी मागे-पुढे हलविली असता दोरीच्या वजनाने ती वाकते आणि सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. साहजिकच, छडी आणि दोरी यांचा मेळ बसणे ही पहिली अट ठरते.

आकड्यांचा अर्थ

हा मेळ साधण्यासाठी अमेरिकेतील मासेमारी साहित्य उत्पादकांच्या संघटनेने १९६१ मध्ये दोऱ्यांना क्रमांक देण्याची पद्धत निश्चित केली. दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून हा क्रमांक ठरतो. पाच क्रमांकाच्या दोरीचा हा भाग १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतो. आठ क्रमांकाचा २१० ग्रेन, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. छडीवर ‘९ फूट, ८’ असे लिहिलेले असल्यास ती नऊ फूट लांब असून आठ क्रमांकाच्या दोरीसाठी बनविलेली आहे, असे समजावे. हलकी दोरी लावल्यास छडी पुरेशी वाकत नाही आणि फार जड दोरी लावल्यास ती दबून जाते.

आधी मासा, मग छडी

निवडीचा क्रम त्यामुळे उलटा असतो. प्रथम मासा व पाणी, त्यानंतर माशीचा आकार, मग दोरी आणि सर्वांत शेवटी छडी. तलावातील लहान माशांसाठी चार किंवा पाच क्रमांक पुरेसा होतो. बेडूक व लहान मासे खाणाऱ्या मरळसाठी मोठी माशी लागते. वनस्पतींच्या गर्दीतून हा मासा बाहेर ओढावा लागत असल्याने सात किंवा आठ क्रमांक योग्य ठरतो. मोठ्या महासीरसाठी आठ ते दहा क्रमांकाच्या छड्या वापरल्या जातात.

महासीरच्या बाबतीत हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. महानदीतील महासीरची १९५३ मध्ये स्वतंत्र उपप्रजाती म्हणून नोंद झाली होती. देशातील महासीरच्या अनेक प्रजाती आज संकटात असून पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा त्यामुळेच रूढ झाली. परंतु छडी कमकुवत असेल तर झुंज लांबते, मासा थकतो आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने सोडल्यानंतरही तो मरू शकतो.

कडक की लवचीक?

काही छड्या केवळ टोकाशी वाकतात, तर काही मुठीपर्यंत. पहिल्या प्रकाराने वाऱ्यातही दूर फेक करता येते. मात्र त्यासाठी हालचालीची अचूक वेळ साधावी लागते. नवशिक्यासाठी मध्यम लवचिकतेची नऊ फुटी छडी सोयीची ठरते. चार तुकड्यांत सुटणारी छडी बस किंवा रेल्वेच्या प्रवासात सहज नेता येते. खरेदीच्या वेळी सांधे घट्ट बसतात का आणि दोरी ओवण्याच्या कड्या एका रेषेत आहेत का, हे पाहावे.

बांबूपासून कार्बनपर्यंत

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने कलकत्ता बांबूची जागा घेतली. त्याची पेरे लांब आणि सरळ असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या छड्या आल्या आणि १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबविल्यावर त्यांचा प्रसार वाढला. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये विमान उद्योगासाठी विकसित झालेला कार्बन तंतू १९७३ च्या सुमारास छड्यांमध्ये आला. तो हलका व ताठ असतो. मात्र ठोकर लागल्यास तडकतो. शिवाय तो विजेचा वाहक आहे. म्हणून वीजवाहक तारांखाली किंवा ढगांचा गडगडाट सुरू असताना अशी छडी उभारू नये. काचतंतूची छडी जड असली तरी अधिक दणकट असते.

नियमांचे भान

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ मानून नद्या व त्यांना जोडलेल्या जलाशयांत मासेमारीस बंदी असते. गंगरेलसारख्या जलाशयांत अन्य काळातही पूर्वपरवानगीची चौकशी करणे आवश्यक आहे. त्यामुळे पावसाळ्याचे हे दोन महिने मोकळ्या मैदानात, गळाऐवजी लोकरीचा लहान तुकडा बांधून फेकीचा सराव करण्यासाठी वापरावेत. सरावाची छडी कोणाकडून उसनी मिळाल्यास अधिक उत्तम, कारण हातात घेऊन फेकल्याखेरीज छडी आपल्या हाताला मानवते की नाही, हे कळत नाही.