गेलेली पत आणि दहा वर्षांची हमी

आपल्या सीमाभागातल्या घरांत म्हणी दोन्ही भाषांतून कानावर पडतात. मराठी माणूस ‘बूँद से गयी वो हौद से नहीं आती’ असे म्हणतो, तर कन्नड बोलणारी आजी त्याच प्रसंगी ‘अडिकेगे होद मान आने कोट्टरू बारदु’ असे सुनावते. सुपारीपायी गेलेला मान हत्ती देऊनही परत येत नाही, हा तिचा अर्थ. एकीत अत्तराचा थेंब, दुसरीत सुपारी. सांगणे मात्र एकच. पत जायला क्षुल्लक कारण पुरते आणि ती परत आणायला मोठी दौलतही अपुरी पडते.

व्यापारात हे कितपत खरे ठरते? कॉलेजात वाणिज्य शाखेच्या वर्गात हा प्रश्न निघाला की मी मुलांना दक्षिण कोरियातल्या ह्युंदाई कंपनीची गोष्ट सांगतो. सप्टेंबर १९९८ मध्ये या कंपनीची ‘सँट्रो’ भारतात आली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्या गल्लीबोळांत दिसू लागली. उंच छताची, बसायला-उतरायला सोपी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सोयीची अशी ती गाडी होती. आपल्याला ह्युंदाई हे नाव कळले ते असे चांगल्या रूपात. पण नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत हे नाव थट्टेचा विषय झाले होते. डेव्हिड लेटरमन या प्रसिद्ध निवेदकाने १९९८ साली आपल्या दूरदर्शन कार्यक्रमात विनोद केला होता, की अवकाशवीरांना घाबरवायचे असेल तर यानाच्या नियंत्रण फलकावर ह्युंदाईचे चिन्ह चिकटवून ठेवावे!

गाय विकून पळालेला मुलगा

कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ सालचा. आज उत्तर कोरियात असलेल्या एका खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचे ते चिरंजीव. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते तरुणपणी घरातून पळाले आणि सोलला गेले. तांदळाचे दुकान, मग मोटारदुरुस्तीचे गॅरेज, पुढे बांधकाम व्यवसाय आणि १९६७ मध्ये मोटारींची कंपनी, असा त्यांचा प्रवास झाला. कोरियन भाषेत ‘ह्युंदाई’ म्हणजे ‘आधुनिक’.

वयाची ऐंशी उलटल्यावर, १९९८ सालीच, त्यांनी दोन खेपांत १००१ गायीगुरे ट्रकमध्ये भरून सीमेपलीकडे उत्तर कोरियात नेऊन दिली. त्या एका गायीचे कर्ज व्याजासह फेडतो आहे, अशी त्यामागची भावना होती. सीमेच्या अलीकडे-पलीकडे नातीगोती असलेल्या आपल्यासारख्यांना ही हकिकत निराळी समजावून सांगावी लागत नाही. पण बापाचे ऋण असे फेडता आले, तरी गिऱ्हाइकांचे ऋण फेडणे त्यांच्या कंपनीला अधिक जड गेले.

पाच हजार डॉलरची गाडी

ह्युंदाईची स्वतःची पहिली गाडी ‘पोनी’. तिचा आराखडा इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांचा, इंजिनाचे तंत्र जपानच्या मित्सुबिशीचे आणि कामावर देखरेख इंग्लंडहून आलेल्या जॉर्ज टर्नबुल यांची. १९७५ पासून ती बनू लागली. १९८६ मध्ये कंपनी ‘एक्सेल’ ही छोटी गाडी घेऊन अमेरिकेत उतरली. किंमत ४,९९५ डॉलर. इतक्या पैशांत कोरी गाडी मिळते म्हटल्यावर लोक तुटून पडले. पहिल्याच वर्षी १ लाख ६८ हजारांहून जास्त गाड्या खपल्या. परदेशी कंपनीने अमेरिकेत पदार्पणाच्या वर्षी एवढा खप तोवर केला नव्हता. दुसऱ्या वर्षी आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला.

मग तक्रारी सुरू झाल्या. गाड्या वरचेवर बिघडत. जपानी गाड्यांची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला ही डोकेदुखी सोसवेना. विकायला काढली तर किंमत येईना. कॅनडात १९८९ मध्ये सुरू केलेला कारखाना कंपनीने १९९३ मध्ये बंद केला. १९९८ पर्यंत अमेरिकेतला वर्षाचा खप ९० हजारांच्या आसपास येऊन ठेपला. त्यातच १९९७ च्या आर्थिक संकटाने कोरिया हादरला होता. पोटासाठी खटपट करावी की अमेरिकेतून काढता पाय घ्यावा, अशी ती वेळ होती.

बॉनेट उघडा!

१९९९ मध्ये चुंग जू-युंग यांचे चिरंजीव चुंग मोंग-कू यांनी काकांकडून मोटार कंपनीची सूत्रे घेतली. त्यांचा पूर्वीचा अनुभव इथे महत्त्वाचा ठरला. अनेक वर्षे ते गाड्यांच्या दुरुस्ती-सेवेच्या कंपनीचे प्रमुख होते. विक्री खात्यातल्या माणसाला शोरूममधून हसत बाहेर पडणारे गिऱ्हाईक दिसते. सेवा खात्यातल्याला तेच गिऱ्हाईक सहा महिन्यांनी कपाळाला आठ्या घालून आलेले दिसते. कुठला भाग कधी दगा देतो, हे त्यांना ठाऊक होते.

उल्सान इथल्या कारखान्याला त्यांनी दिलेल्या भेटीची गोष्ट उद्योगजगतात अजून सांगितली जाते. त्यांनी एका नव्या गाडीचे बॉनेट उघडायला लावले. आत तारा लोंबत होत्या, नळ्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि बोल्ट वेगवेगळ्या रंगांचे होते. सगळे बोल्ट एका रंगाचे करा आणि नीटनेटकी असल्याशिवाय एकही गाडी बाहेर सोडू नका, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे दिला. बोल्टच्या रंगाने गाडी जास्त धावत नाही, हे खरे. पण जिथे बोल्टचा रंग कुणी पाहत नाही, तिथे तो नीट आवळला आहे की नाही हे तरी कोण पाहणार? उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फौंड्रीवाल्यांना हे सांगायला नको. एका कास्टिंगमधल्या बारीक छिद्रामुळे अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला की घरात जेवणाची चव कशी जाते, ते आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी पाहिले आहे.

पुढे गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाची माणसे कित्येक पटींनी वाढवली गेली. या विभागाचे म्हणणे थेट अध्यक्षांसमोर मांडले जाऊ लागले.

शब्दाला तारण

पण गाडी सुधारली, हे लोकांना पटवायचे कसे? जाहिरातीत ‘आता आमची गाडी चांगली आहे’ असे कुणीही म्हणू शकते. ह्युंदाईने १९९९ च्या गाड्यांसाठी अमेरिकेत हमी जाहीर केली: इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी १० वर्षे किंवा १ लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर. बाकीच्या बहुतेक भागांसाठी ५ वर्षे किंवा ६० हजार मैल. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांची सर्वसाधारण हमी ३ वर्षांच्या आसपास असे. हा निर्णय पुष्कळांना आत्मघातकी वाटला. वाईट गाडीवर दहा वर्षांची हमी म्हणजे दिवाळखोरीला आमंत्रणच.

या हमीची ताकद नेमकी त्या धोक्यातच होती. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गाडीतली खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्यांकडेच संशयाने पाहतो आणि चांगला मालही मार खातो, हे त्याचे सूत्र. या विषयावरील कामासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना मिळाले. संशय दूर करायचा असेल तर खोट निघाल्यास नुकसान विकणाऱ्याच्या खिशातून गेले पाहिजे. ह्युंदाईने तेच केले. सावकाराकडे नुसत्या शब्दावर कर्ज मिळेना, तेव्हा तिने तारण ठेवले. एकदा तारण ठेवल्यावर कारखान्यातल्या ढिलाईचा प्रत्येक रुपया कंपनीलाच भरावा लागणार होता. त्यामुळे हमीने गिऱ्हाइकाला धीर दिला आणि कारखान्याला धाकही.

परिणाम दिसू लागला. १९९९ मध्ये खप दीड लाखाच्या पुढे गेला, २००३ मध्ये ४ लाखांवर. गाड्यांच्या गुणवत्तेची पाहणी करणाऱ्या जे. डी. पॉवर या संस्थेच्या १९९८ च्या अहवालात ह्युंदाईच्या दर १०० नव्या गाड्यांमागे २७२ तक्रारी होत्या. २००४ मध्ये त्या १०२ वर आल्या आणि कंपन्यांच्या यादीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीने टोयोटाच्या पाठोपाठ उभी राहिली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात तिचा कारखाना सुरू झाला.

नोकरी गेली तर गाडी परत द्या

२००८ च्या अखेरीस अमेरिकेत मंदीचे सावट पसरले. नोकरी राहते की जाते या धास्तीने माणसे कर्ज काढून गाडी घ्यायला धजेनात. जानेवारी २००९ मध्ये ह्युंदाईने जाहीर केले, की गाडी घेतल्यापासून वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत आणून द्या. त्या वर्षी अमेरिकेतला गाड्यांचा बाजार सुमारे २१ टक्क्यांनी घसरला, ह्युंदाईचा खप मात्र सुमारे ८ टक्क्यांनी वाढला. प्रत्यक्षात परत आलेल्या गाड्या काही शेच होत्या. लोकांना गाडी परत करायची नव्हतीच. आपल्या काळजीची कुणीतरी दखल घेतली, एवढे त्यांना पुरे होते.

भारतातली सुरुवात यापेक्षा सोपी होती. इथे नाव खराब नव्हते, फक्त अनोळखी होते. सँट्रोच्या सुरुवातीच्या जाहिरातींत शाहरुख खान गाडीचे गुणगान करण्याऐवजी कंपनीच्या माणसालाच शंका विचारताना दाखवला होता. गिऱ्हाइकाच्या मनातले प्रश्न आधी बोलून दाखवायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही युक्ती लागू पडली. चेन्नईजवळच्या कारखान्याच्या जोडीला कंपनीने २०२३ मध्ये पुण्याजवळच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले.

पुन्हा सुपारी

गोष्ट इथे थांबली असती तर आपल्या दोन्ही म्हणी खोट्या पडल्या, असे म्हणता आले असते. पण पुढचा भाग सांगितला नाही तर ती जाहिरात होईल. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तपासणीत उघड झाले, की ह्युंदाई आणि तिची भगिनी कंपनी किया यांनी गाड्यांचे मायलेज फुगवून सांगितले होते. २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. २०१५ मध्ये अलाबामात बनलेल्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. क्रँकशाफ्टच्या मशिनिंगनंतर आत राहिलेल्या धातूच्या बारीक कणांमुळे तेलाची वाट अडून इंजिन बंद पडण्याचा धोका होता. कंपनीतलेच एक अभियंता किम ग्वांग-हो यांनी २०१६ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेला कागदपत्रे नेऊन दाखवली, की दोष जितका सांगितला जातो त्याहून मोठा आहे. त्यांची नोकरी गेली. २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाची कारवाई झाली आणि २०२१ मध्ये त्याच संस्थेने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिले.

त्यानंतर चोऱ्यांचे प्रकरण आले. अमेरिकेत विकलेल्या स्वस्त मॉडेलांत किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर बसवलेला नव्हता. कॅनडात तो कायद्याने सक्तीचा, म्हणून तिथल्या गाड्यांत होता. २०२१-२२ मध्ये मुलांनी चोरीची युक्ती चित्रफितींतून एकमेकांना दाखवली आणि शहराशहरांतून गाड्या पळवल्या जाऊ लागल्या. दोन्ही कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सुधारणा द्यावी लागली आणि २०२३ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. एका लहानशा भागावर वाचवलेले पैसे किती महाग पडतात, याचे यापेक्षा ठळक उदाहरण शोधावे लागेल. अडिके म्हणतात ती हीच.

घरच्या हिशेबात

मग पत परत येते की नाही? येते, पण ती रोज नव्याने मिळवावी लागते. फौंड्री असो, किराणा दुकान असो की घरगुती पापड-चटण्यांचा धंदा असो, तक्रार घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत न पाठवणे हे जाहिरातीपेक्षा मोलाचे. चूक झाली तर तिची किंमत आपण उचलायची, गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायची नाही.

आणि आपण गिऱ्हाईक असू तेव्हा? गाडी, फ्रीज किंवा मिक्सर घेताना हमीपत्र कपाटात टाकण्याआधी निवांत बसून वाचावे. वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल तिथे हमी संपते, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. कुठले भाग तिच्यात येतात आणि कुठले वगळले आहेत, ते पाहावे. सेकंडहँड गाडी घेत असाल तर हमी नव्या मालकाला मिळते का, हे आधी विचारावे. ह्युंदाईची ती प्रसिद्ध १० वर्षांची हमीदेखील पहिल्या मालकापुरतीच होती. सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. विकणारा हमीबद्दल किती तपशिलाने बोलतो आणि लेखी द्यायची वेळ आली की कितपत चाचरतो, यावरूनही पुष्कळ कळते. घरातल्या ज्याला कन्नड किंवा इंग्रजी बारीक अक्षरांतले वाचता येते, त्याला शोरूममध्ये बरोबर न्यावे. सही त्यानंतर करावी.