आवाज स्पीकरचा नव्हे, दाराचा!

वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) सारख्या गावात चारचाकी ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. कापसाचे पैसे हाती आले की नवी किंवा वापरलेली गाडी अंगणात उभी राहते आणि पाठोपाठ पुढचा खर्च डोके वर काढतो. कंपनीने दिलेले स्पीकर फिके वाटू लागतात. मग एखाद्या रविवारी वर्धा किंवा नागपूर गाठून ‘कंपोनंट’ स्पीकरचा जोड बसवून घेतला जातो. पहिले दोन दिवस कौतुकाचे जातात. त्यानंतर ठेका वाढवला की दार थरथरते, गायकाचा आवाज गुडघ्यापाशी अडकल्यासारखा वाटतो आणि पावसाळ्यात पायाखालचा गालिचा ओला होतो. दोष स्पीकरला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा स्पीकर निर्दोष असतो. चूक तो ज्या दारात बसवला त्या दाराकडे दुर्लक्ष करण्यात असते.

कंपोनंट म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवे. नेहमीच्या कोअॅक्सिअल स्पीकरमध्ये मोठ्या शंकूच्या मधोमध लहान ट्विटर बसवलेला असतो. कंपोनंट जोडात हे दोघे विभक्त कुटुंबासारखे वेगळे राहतात. खालचे व मधले सूर वूफरकडे, वरचे ट्विटरकडे आणि दोघांत वाटणी करून देणारा क्रॉसओव्हर तिसरीकडे. ही वाटणी सामान्यतः तीन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास होते.

ही फारकत कशासाठी, याचे उत्तर ध्वनीच्या लांबीत आहे. शंभर हर्ट्झच्या खर्ज सुराची लहर सुमारे ३.४ मीटर लांब असते, तर तीन हजार हर्ट्झची जेमतेम ११ सेंटिमीटर. लहरीची लांबी शंकूच्या व्यासाहून कमी झाली की ध्वनी चहूकडे न पसरता टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. साडेसहा इंची, म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटरच्या शंकूबाबत हे दोन हजार हर्ट्झच्या पुढे घडू लागते. दारातला स्पीकर तर चालकाच्या मांडीकडे तोंड करून बसलेला. परिणामी वरचे सूर कानापर्यंत न पोहोचता सीटच्या कापडात जिरतात. ट्विटर वर, आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीवर नेला की हे सूर मोकळे होतात आणि गाणे डॅशबोर्डच्या उंचीवर आल्याचा भास होतो.

याची परीक्षा घेण्यासाठी विदर्भाला दूर जायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांची परंपरा येथे गावोगावी आहे आणि त्या भजनांतली खंजिरी हे कंपोनंट स्पीकर पारखण्याचे उत्तम साधन आहे. कातड्यावरची थाप वूफरची, झांजांची किणकिण ट्विटरची. दोन्ही एकाच हातातून निघाल्यासारख्या ऐकू आल्या तर जोडणी जमली. थाप पायाशी आणि किणकिण काचेवर अशी ताटातूट झाली, तर ट्विटरची जागा किंवा त्याची पातळी चुकली असे समजावे. बहुतेक चांगल्या क्रॉसओव्हरवर ट्विटरचा आवाज दोन-तीन डेसिबलने कमी करण्याची सोय असते. तिचा उपयोग मात्र क्वचितच केला जातो.

खरेदीच्या वेळी सर्वाधिक फसवणूक वॉटच्या आकड्यात होते. एकेकाळी बाजारात ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा मिरवत असे. त्याला कोणतीही सर्वमान्य मोजपट्टी नव्हती. आज खोक्यावर ‘मॅक्स पॉवर’ असे ठळक छापलेले असते. पाहायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती शक्ती. गाडीच्या स्टिरिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलेले असले तरी १४.४ व्होल्टच्या पुरवठ्यातून चार ओहमच्या स्पीकरला कागदी गणिताने देखील २६ वॉटच्या वर काही मिळत नाही. व्यवहारात ही शक्ती १५ ते २० वॉट एवढीच भरते.

म्हणूनच वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायचा नसेल तर वॉटपेक्षा संवेदनशीलतेचा आकडा मोलाचा ठरतो. एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल ऐकू येतात, हे तो सांगतो. प्रत्येक तीन डेसिबलमागे लागणारी शक्ती दुप्पट होते. त्यामुळे ८६ डेसिबलच्या स्पीकरला ६० वॉट देऊन जो आवाज मिळेल, तोच ९२ डेसिबलचा स्पीकर १५ वॉटमध्ये देतो. महागडा पण सुस्त स्पीकर घेऊन तो कंपनीच्या स्टिरिओवर चालवणे म्हणजे ट्रॅक्टरला स्कूटरचे इंजिन जोडण्यासारखे आहे. अशा वेळी आवाज फाटेपर्यंत बटण फिरवले जाते आणि त्या फाटलेल्या आवाजाने पहिली जळते ती ट्विटरमधली बारीक तार.

स्पीकरचा शंकू पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की खर्ज सूर परस्परांना खोडून टाकतात. घरातल्या स्पीकरला म्हणूनच लाकडी खोका असतो. गाडीत तो खोका म्हणजे दार! पण हे दार आतून भोकाभोकांचे असते. काचेची यंत्रणा बसवण्यासाठी कारखान्यातच मोठी छिद्रे ठेवलेली असतात. बाहेरचा पत्रा पातळ, बोटाने दाबला तरी दबणारा. अशा डब्यात कितीही नामांकित स्पीकर बसवला तरी पत्राच वाजणार. यासाठी बाहेरच्या पत्र्याला आतून कंप शोषणारी शीट चिकटवणे आणि आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करणे, ही दोन कामे स्पीकरइतकीच महत्त्वाची आहेत. ठरलेल्या रकमेतून एक पायरी स्वस्त स्पीकर घ्यावा आणि उरलेला पैसा दारावर खर्च करावा, हाच शहाणपणाचा व्यवहार.

शीटची निवड करताना वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा विसरता येत नाही. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो. छपरांच्या गळतीवर वापरली जाणारी डांबरी शीट स्वस्त पडते म्हणून काही ठिकाणी दारात लावली जाते. हिवाळ्यात ती काम भागवते. उन्हाळ्यात मऊ होऊन घसरते, डांबराचा वास गाडीत कोंडतो आणि सुटलेला तुकडा काचेच्या यंत्रणेत अडकण्याची भीती असते. ब्युटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट महाग असली तरी या हवेत तीच टिकते. संपूर्ण पत्रा मढवण्याचीही गरज नसते. कंप मोडण्यासाठी पत्र्याच्या मधल्या भागात तुकडे लावले तरी बराच फरक पडतो, मात्र त्याआधी आतली धूळ पुसून काढावी लागते. काळ्या मातीच्या शिवारातून फिरणाऱ्या गाडीच्या दारात ही धूळ मूठभर तरी निघतेच. तिच्यावर चिकटवलेली कोणतीही शीट पत्र्याला नव्हे, धुळीला चिकटलेली असते.

उन्हाळ्यानंतर पावसाळा. काचेच्या रबरी पट्टीतून पावसाचे पाणी दाराच्या आत उतरते, हा बिघाड नव्हे. दाराची रचनाच तशी असते. हे पाणी तळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. शीट लावताना ही छिद्रे बुजली तर दारात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. दुसरी गोष्ट, आतल्या पत्र्यावर कारखान्यातून लावलेला प्लास्टिकचा पडदा. तो पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. घाईतला कारागीर तो फाडून फेकून देतो आणि मालकाला मात्र गालिचा का भिजतो याचा उलगडा होत नाही. स्पीकरखाली उंची वाढवण्यासाठी जी कडी लावली जाते, तीही एमडीएफची असू नये. ओल लागली की एमडीएफ फुगते. चांगले जलरोधक प्लायवूड किंवा कडक प्लास्टिक वापरावे. शंकू कागदी असेल तर त्याच्या वर आणि मागे पाण्याची धार थेट पडणार नाही अशी आडोशाची सोय हवी. पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबरी किनार ओलीला अधिक दाद देत नाहीत. फोमची किनार मात्र कालांतराने भुरभुरीत होऊन गळते.

स्पीकर घेण्यापूर्वी दाराचे माप घेणे इष्ट. साडेसहा इंच हा व्यास झाला; खोलीही तितकीच महत्त्वाची. काच पूर्ण खाली उतरवून स्पीकरच्या चुंबकाला किती जागा उरते ते मोजावे, अन्यथा पहिल्याच वेळी काच खाली केली की ती चुंबकावर आदळते.

वायरिंगबाबत मात्र हयगय नको, कारण तेथे पैशाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न असतो. वेगळा ॲम्प्लिफायर बसवायचा झाल्यास त्याची वीजतार थेट बॅटरीवरून येते. बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. हा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो, तर तारेला वाचवण्यासाठी असतो. इंजिनाच्या बाजूने आत येताना पत्र्याच्या कडेवर तारेचे आवरण घासून गेले आणि मध्ये फ्यूज नसेल, तर बॅटरीची सारी शक्ती त्या एका ठिणगीत उतरते. म्हणून छिद्रात रबरी वायसर आणि तारेवर जाळीदार आवरण हवे. तार शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तशीच जाड, पण तितकाच प्रवाह वाहून नेताना अधिक तापते. कंपनीचे वायरिंग कापून जोड देण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरला तर वॉरंटीचा वादही टळतो आणि गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात.

नव्या गाड्यांत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. खिडकीवरून खाली उतरणाऱ्या पडदा एअरबॅगा ज्या गाड्यांत आहेत, त्यांच्या पुढच्या खांबाच्या आवरणाला ट्विटरसाठी भोके पाडू नयेत. एअरबॅग उघडताना तेथे काहीही आड आलेले चालत नाही. काही गाड्यांच्या दारात धडकेचा दाब ओळखणारा संवेदक असतो. अशा दाराची भोके बंद करण्याआधी गाडीच्या अधिकृत केंद्रात विचारणा करावी.

भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा ट्विटर कानाजवळ आणि डावा दूर पडतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अर्ध्या मीटरच्या फरकाने डावा सूर दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायक उजव्या खिडकीत जाऊन बसतो. बऱ्याच स्टिरिओंमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ असते. जवळच्या स्पीकरला तेवढा विलंब दिला की गायक पुन्हा मध्ये येतो. ही सोय फुकट मिळालेली असते, तरीही न वापरता पडून राहते.

दोन वूफरपैकी एकाची धन-ऋण तार उलटी जोडली गेली तर एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खर्ज नाहीसा होतो. नवे स्पीकर लावून आवाज पूर्वीपेक्षा पोकळ झाला, अशी तक्रार असेल तर प्रथम याचाच संशय घ्यावा. दार बंद करण्यापूर्वी दीड व्होल्टचा साधा सेल वूफरच्या तारांना क्षणभर लावला की शंकू बाहेर सरकतो की आत ते दिसते. दोन्ही बाजूंना तो एकाच दिशेने सरकला पाहिजे. ट्विटरवर मात्र हा प्रयोग करू नये.

आवाज किती ठेवावा, हा प्रश्न कायद्याने अंशतः सोडवला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चारही दारे उघडून चौकात गाडी वाजवणाऱ्यांना ती ठाऊक नसते, इतकेच. कानांचे गणित याहून निराळे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सोसावा असे मानले जाते आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. दाराचे काम नीट झालेले असेल तर रस्त्याचा आवाजही आत कमी येतो आणि त्यावर मात करण्यासाठी बटण फिरवावे लागत नाही.

दुकानातून निघण्यापूर्वी दोन्ही काचा पूर्ण खाली-वर करून पाहाव्यात, खंजिरीचे एखादे भजन निम्म्या आवाजात ऐकावे आणि दाराच्या आतल्या पडद्याबद्दल कारागिराला स्पष्ट विचारावे. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर पायाखालचा गालिचा हाताने चाचपावा. ओल लागली तर पडदा कोठेतरी सुटलेला असतो, आणि तो पुन्हा चिकटवून देणे हे बसवणाऱ्याचेच काम आहे.