वांगणीच्या अलीकडचं आकाश

बदलापूर सोडलं की कर्जतच्या दिशेने पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईपासून कल्याणपर्यंतच्या आकाशवेड्यांना हे नाव पाठ आहे; खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं इथे होत आलेत. पण दुर्बीण घेतली की लगेच वांगणी गाठायला हवी, असं नाही.

गुरू, शनी, चंद्र मुळातच इतके तेजस्वी, की उल्हासनगरच्या दिव्यांनी त्यांचं फारसं बिघडत नाही. तिथे खरा वैरी गच्चीचा स्लॅब! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि गुरू उकळत्या पाण्यातून पाहावा तसा थरथरतो. उत्तररात्री हवा निवली, की सहा इंची दुर्बिणीतून त्याचे दोन गडद पट्टे स्पष्ट दिसतात. शेजारी चार चंद्र. त्यांतला आयो साडेबेचाळीस तासांत प्रदक्षिणा पुरी करतो, त्यामुळे तासाभरात त्याची जागा बदललेली कळते. कधी त्याची सावली गुरूवर पडते: काळंभोर, रेखीव टिंब. माझ्या मते शनीच्या कड्यांपेक्षाही हे दृश्य सरस.

21 डिसेंबर 2020 ला तर गुरू आणि शनी चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाइतक्या अंतरावर आले होते. गुरूचे चंद्र आणि शनीची कडी एकाच वेळी आयपीसमध्ये! इतकी जवळीक त्याआधी 1623 साली झाली होती. अट एकच होती, पश्चिमेला समोर टॉवर नको.

तेजोमेघांचं गणित वेगळं. त्यांचा प्रकाश पसरट असतो, शहराच्या उजेडात तो विरून जातो. वृषभेतला क्रॅब तेजोमेघ घ्या. ज्या ताऱ्याच्या स्फोटातून तो बनला, तो स्फोट चिनी ज्योतिषांनी जुलै 1054 मध्ये नोंदवला. 23 दिवस तो भरदिवसा दिसत होता. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा; तेव्हा स्फोट दिसला त्या काळात मंदिराचं काम चालू असावं. पावसाळी ढगांनी कोकणात तो स्फोट आधी झाकला असेल, पण रात्री तो 1056 पर्यंत दिसत होता. मधले दोन हिवाळे इथल्या पाथरवटांच्या डोक्यावर तो असावा.

आज मंदिराच्या आवारातून त्या स्फोटाचे अवशेष शोधणं जिकिरीचं. त्यासाठी मात्र डिसेंबर-जानेवारीत, अमावास्येच्या आसपास, वांगणीच गाठावी. फोटोतले रंग दिसणार नाहीत, कारण अंधूक प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. दिसेल तो राखाडी डाग, तोही नजर थोडी बाजूला रोखली तर.