उत्तर खरं कशावरून?

१९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेची, रचना मांडली, तेव्हा इंटरनेटवरच्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये मावत होते. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे ती उतरवून घेत. हा भार असह्य झाला म्हणून नावं सांभाळण्याचं काम जगभर वाटून दिलं गेलं. ही वाटणी इतकी पक्की ठरली की आजही आपण त्याच पायावर उभे आहोत. आलेलं उत्तर खरं कशावरून मानायचं, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. त्याच्या उत्तरासाठी पुढची चाळीस वर्षं खर्ची पडली.

बेल लॅब्जमधल्या स्टीव्हन बेलोविन यांना १९९० मध्येच दिसलं होतं की खोटी नावं पुरवून दुसऱ्याच्या यंत्रात शिरता येतं. उपाय हाताशी नव्हता, म्हणून त्यांनी निबंध राखून ठेवला. तो छापला गेला १९९५ मध्ये. मला हा निर्णय समजतो, पण त्या पाच वर्षांत धोका जिथल्या तिथेच होता. १९९७ मध्ये यूजीन काश्पुरेफ यांनी डोमेन नोंदवणाऱ्या इंटरनिकच्या साइटकडे निघालेल्या लोकांना स्वतःच्या साइटवर वळवून दाखवलं, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा उरला नाही.

सर्वांत मोठा हादरा बसला २००८ मध्ये. आपल्या वतीने पत्ता शोधून आणणारा सर्व्हर, म्हणजे रिझॉल्व्हर, प्रश्न विचारताना त्यावर एक क्रमांक घालतो आणि तोच क्रमांक असलेलं पहिलं उत्तर स्वीकारतो. क्रमांक फक्त ६५,५३६ असू शकतात. तरी सगळे निर्धास्त होते, कारण अंदाज चुकला की खरं उत्तर साठवलं जातं आणि हल्लेखोराला त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी हे थांबणंच काढून टाकलं. एखाद्या डोमेनमधली अस्तित्वात नसलेली नावं एकामागून एक विचारत राहायचं. प्रत्येक नाव नवं, म्हणून प्रत्येक वेळी नवी संधी. आणि खोट्या उत्तरासोबत त्या अख्ख्या डोमेनच्या सर्व्हरचा पत्ताही बदलून पाठवायचा. एकदा क्रमांक जुळला की बँक, मेल, सगळंच हल्लेखोराच्या ताब्यात.

कामिन्स्कींचं मोठेपण मला या शोधापेक्षा त्यानंतरच्या महिन्यांत दिसतं. त्यांनी डीएनएसचं सॉफ्टवेअर सांभाळलेल्या पॉल व्हिक्सी यांना गाठलं. ३१ मार्चला रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या आवारात सोळा जण जमले, त्यांतले कित्येक एकमेकांचे स्पर्धक. ८ जुलैला सगळ्यांनी एकाच दिवशी पॅच सोडले. तपशील दोन आठवड्यांतच फुटला, पण तोवर पुष्कळ सर्व्हर दुरुस्त झाले होते. कामिन्स्की २०२१ मध्ये अवघ्या ४२व्या वर्षी गेले.

२००८चा तो पॅच म्हणजे तात्पुरता टेकू होता. क्रमांकाबरोबर प्रश्न ज्या पोर्टवरून जातो तो पोर्टही दर वेळी बदलायचा, म्हणजे दोन्ही एकदम ओळखावे लागतात. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही खबरदारी आधीपासून होती. त्यांचं तेव्हाच ऐकायला हवं होतं. २०२० मध्ये कॅलिफोर्निया (रिव्हरसाइड) आणि छिंगह्वा विद्यापीठांच्या संशोधकांनी हाही टेकू हलवला. ऑपरेटिंग सिस्टिम चुकीचा पोर्ट कळवणारे संदेश ठरावीक मर्यादेतच पाठवते; त्या मर्यादेवरून उघडा पोर्ट आधी हेरता येतो. मग उरतो फक्त क्रमांक, म्हणजे पुन्हा २००८च्या आधीचीच स्थिती.

टिकाऊ उपाय म्हणजे उत्तरावर सही, अर्थात डीएनएससेक. १५ जुलै २०१० रोजी मूळ झोनवर, म्हणजे नावांच्या उतरंडीच्या मुळाशी, सही झाली. त्या सहीची किल्ली पहिल्यांदा बदलायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. नवी किल्ली सगळीकडे पोचली नसावी या भीतीने ते काम वर्षभर लांबवलं होतं. या सावधपणाला मी दिरंगाई म्हणणार नाही.

आणि २०२४च्या फेब्रुवारीत याच डीएनएससेकमधला कीट्रॅप नावाचा दोष उघड झाला. जर्मनीतल्या अथीन या सायबरसुरक्षा केंद्राच्या गटाने दाखवलं की, मुद्दाम गुंतवून ठेवलेल्या किल्ल्या आणि सह्या तपासताना एकाच पॅकेटमुळे रिझॉल्व्हर तासन्‌तास अडकू शकतो. सगळ्या किल्ल्या तपासून पाहण्याची ही अट १९९९ पासून डीएनएससेकच्या प्रमाणातच होती. या वेळी आधी महिनोन्‌महिने सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांशी बोलणी झाली आणि पॅच तयार झाल्यावरच बातमी बाहेर आली. तपासणीच्या प्रयत्नांवर आता मर्यादा घातली आहे. पण दोष पुरता घालवायचा तर प्रमाणाचीच फेररचना लागेल, असं त्या गटाचं म्हणणं आहे.