१७ माणकं आणि एक अंगठी

वडिलांच्या किल्लीच्या एचएमटी घड्याळाच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ अशी बारीक अक्षरं होती. ही ज्वेल्स म्हणजे माणकं, हे शाळेत असताना कळलं आणि आपण बरेच श्रीमंत आहोत असं मला दोन दिवस वाटत राहिलं. पुढे समजलं, की चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली ती मोहरीएवढी माणकं कारखान्यात तयार होतात आणि त्यांना मोल असं फारसं नसतं. पण ती खोटी नव्हती. रसायन माणकाचं, कठीणपणा माणकाचा, रंगही माणकाचाच. फक्त ती खाणीतून आली नव्हती.

हे आठवलं भाच्यामुळे. त्याच्या होणाऱ्या बायकोला साखरपुड्याच्या अंगठीत हिरा नको, निळा खडा हवा होता. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. “मामा, हा नीलम ओरिजिनल आहे ना?” त्यावर आतून ताईचा आवाज आला, “नीलम अजिबात नको हं, शनीचा खडा तो!”

ताईच्या शंकेला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याच्या प्रश्नाला होतं, पण एका शब्दाचं नव्हतं. ‘ओरिजिनल’ या शब्दात तीन निराळे प्रश्न कोंबलेले असतात. खडा कोणत्या खनिजाचा आहे? तो जमिनीत घडला की भट्टीत? आणि घडल्यानंतर त्याच्यावर काय काय करण्यात आलं? विकणारा यातल्या एकाच प्रश्नाचं खरं उत्तर देतो, घेणाऱ्याला वाटतं तिन्ही मिळाली. ऑनलाइन खरेदीतले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

“लॅबमधला खडा म्हणजे काच”

ऑग्युस्त व्हर्न्योय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली. अॅल्युमिनाची बारीक पूड हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सोडायची; ती वितळून थेंबाथेंबाने साचते आणि काही तासांत माणकाची कांडी उभी राहते. नीलमही असाच करता येतो, कारण माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची, कुरुंदाची, रूपं आहेत. क्रोमियम मिसळलं की लाल, लोह आणि टायटॅनियम मिसळलं की निळा.

म्हणजे लॅबमधला नीलम हा नीलमच. काच, किंवा आपल्याकडे ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकलं जाणारं क्युबिक झिर्कोनिया, हा वेगळा मामला. ती नुसती नक्कल. फसवणूक लॅबचा खडा विकण्यात नाही, तो खाणीचा म्हणून विकण्यात आहे, कारण दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आणि हो, नीलम दुधात टाकला की दूध निळसर दिसतं, खऱ्या खड्याने काचेवर ओरखडा उठतो, हे सगळे प्रयोग सोडून द्या. भट्टीतल्या नीलमानेही काच तितकीच ओरखडते. फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो: ज्योतीत वाढलेल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, खाणीतल्या खड्यात सरळ आणि कोनात वळलेल्या. त्यामुळे स्वस्तातला मोठा, गडद आणि काचेसारखा स्वच्छ नीलम पाहून हरखण्याऐवजी थोडं थबकावं. निसर्गात कुरुंद क्वचितच इतका निर्मळ वाढतो. पाचू तर त्याहून क्वचित. त्याच्या आतल्या भेगा-रेषांना युरोपातले रत्नपारखी कौतुकाने ‘बाग’ म्हणतात.

“नॅचरल लिहिलंय, म्हणजे खड्याला कुणी हात लावलेला नाही”

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा.

बाजारातले बहुसंख्य नीलम आणि माणकं तापवलेली असतात. हजार अंशांच्या वर, कधी कधी १,८०० अंश सेल्सिअसपर्यंत. या उष्णतेने आतल्या रुटाइलच्या सुया, ज्यांना ‘रेशीम’ म्हणतात, विरघळतात; धूसर खडा उजळतो, फिका निळा गडद होतो. हा रंग कायमचा असतो आणि जगभरच्या व्यापारात तो मान्य आहे. तापवलेला नीलम घेण्यात कमीपणा काही नाही. पण न तापवलेला तितकाच सुंदर खडा दुर्मीळ, म्हणून कितीतरी महाग. तेव्हा ‘अनहीटेड’ हा शब्द नुसता विक्रेत्याच्या तोंडचा चालत नाही, प्रयोगशाळेच्या अहवालात लागतो.

पाचूची गोष्ट वेगळी. त्याच्या भेगांमध्ये तेल भरतात, विशेषतः सीडारवूडचं, किंवा कृत्रिम राळ. त्याने भेगा दिसेनाशा होतात. तेल भरणं ही जुनी रीत आहे. प्रश्न आहे तो किती भरलं याचा. अहवालात ‘अल्प’, ‘मध्यम’, ‘लक्षणीय’ अशी नोंद असते आणि भाव त्यावर हलतो. अशी अंगठी सोनाराकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायला टाकली, की तेल निघून जाऊ शकतं आणि लपलेल्या भेगा वर येतात. पाचू कोमट पाण्यात, मऊ ब्रशने, हातानेच धुवावा.

तिसरा प्रकार मात्र थेट टाळावा असा. २००४ च्या सुमारास बाजारात शिशाची काच भरलेली माणकं आली. मुळात इतका भेगाळलेला कुरुंद, की त्याला दागिन्यात कुणी बसवणार नाही. त्यात शिसंयुक्त काच वितळवून भरली की तो लालभडक, पारदर्शक दिसतो. वरती ‘नॅचरल रूबी’ लिहिलेलं असतं आणि ते अर्धं खरंही असतं. ही काच लिंबाच्या रसानेसुद्धा खराब होते. सोनाराच्या आम्लाने आणि अंगठी लहान-मोठी करताना लागणाऱ्या आचेने तर होतेच. तो बिचारा ओळखीचा सोनार अंगठी सैल करून देतो, खडा पांढरट पडतो, आणि घरात बोल लागतो त्याला.

“नावावरून खडा कळतो”

मराठीत पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कुरुंद. पण इंग्रजी-मराठी शब्दकोशांत टोपाझला प्रतिशब्द म्हणून पुष्कराजच सापडतो, आणि टोपाझ हे वेगळंच, पुष्कळ स्वस्त खनिज. त्यातच सिट्रिन हा पिवळा स्फटिक ‘सुनहला’ म्हणून खपतो. शोधखिडकीत ‘पुष्कराज’ टाकलं की तिन्ही एकाच रांगेत समोर येतात, सारख्याच सोनेरी प्रकाशात. ‘जर्कन’चंही तेच: सराफी बोलीत तो क्युबिक झिर्कोनिया, खनिजशास्त्रात झिर्कॉन हे स्वतंत्र नैसर्गिक रत्न. म्हणून बिलावर मराठी-हिंदी व्यापारी नावाच्या जोडीला खनिजाचं नाव लिहून घ्यावं.

नावाच्या घोटाळ्यातून राजेही सुटले नाहीत. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागातलं ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’ हे माणिक नाही, स्पिनेल आहे. मला विचाराल तर अंगठीसाठी स्पिनेलसारखा गुणी खडा नाही. मोह्‌स मापावर कठीणपणा ८, लाल-गुलाबी-निळ्या छटा, आणि बहुतेक वेळा काही न करता खाणीतून आला तसाच. पण त्याला नवरत्नांत जागा नाही, म्हणून आपल्याकडे त्याची विचारपूस कमी.

गावांची नावंही जपून घ्यावीत. ‘काश्मिरी नीलम’ हा किश्तवाडजवळच्या पाडर भागात १८८० च्या दशकात सापडला आणि काही वर्षांतच ती खाण जवळजवळ संपली. आज खात्रीचा काश्मिरी नीलम निघतो तो बड्या लिलावांत. काही हजार रुपयांत घरपोच मिळणाऱ्या खड्याला काश्मिरी म्हणण्यात फार तर कवित्व असेल. श्रीलंकेचा नीलम तेवढा दुर्मीळ नाही, आणि त्यालाही कमी लेखायचं कारण नाही: १९८१ मध्ये डायनाच्या आणि २०१० मध्ये केटच्या बोटात गेला तो १२ कॅरेटचा खडा सिलोनीच आहे.

“मौल्यवान, म्हणजे टिकाऊ”

घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७. त्याहून मऊ खडा रोज बोटात राहिला, तर नुसतं पुसतानाही त्याच्या पैलूंच्या कडा झिजत जातात. नीलम आणि माणिक ९ वर निर्धास्त. किलिमांजारोजवळ एकाच टापूत मिळणारा टँझानाइट ६ ते ७, ओपल त्याहून खाली, मोती तर ४ च्या आसपास किंवा कमी. पाचू ७.५ ते ८ असला तरी भेगांमुळे ठिसूळ. लोकलचा दांडा पकडताना आपटला तर टवका उडतो. पाचूच हवा असेल तर उघड्या प्रॉन्गऐवजी, म्हणजे नुसत्या आकड्यांऐवजी, चहूबाजूंनी सोन्याची कड असलेलं बंद कोंदण घ्यावं. मोती आणि ओपल कानात छान दिसतात.

“फोटोत दिसतो तसाच येईल”

खोटा फोटो लावायची गरजच पडत नाही. नेमका दिवा पुरतो. नीलम उन्हात एक निळा असतो, पिवळ्या बल्बखाली दुसरा, काही तर रात्री शाईसारखे काळे पडतात. त्यात प्रत्येक मोबाइलचा पडदा आपली भर घालतो. विक्रेत्याकडून दिवसाउजेडी सावलीत आणि घरातल्या दिव्याखाली, खडा दोन बोटांत धरून हलवलेला व्हिडिओ मागवावा. मधोमध एक फिकी जागा दिसून तिच्यातून आरपार बोटाची त्वचा दिसत असेल, तर पैलू उथळ पाडलेत. या दोषाला ‘विंडो’ म्हणतात. हातातल्या खड्याखाली वर्तमानपत्र धरलं की अशा खिडकीतून अक्षरं वाचता येतात.

आकाराची फसगत वजनातून होते. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, सोन्याच्या शुद्धतेचा कॅरेट निराळा, दोघांचा संबंध फक्त उच्चारापुरता. शिवाय कुरुंद पाचूपेक्षा बराच जड. त्यामुळे एक कॅरेटचा गोल नीलम साधारण ६ मिलिमीटरचा, मटारच्या दाण्याहूनही लहान, आणि एक कॅरेटचा पाचू त्याहून मोठा दिसतो. पडद्यावर दोन्ही तळहाताएवढे. रत्तीचा गोंधळ याहून जुना. आपली गुंज, म्हणजे तोळ्याचा ९६ वा भाग, भरते सुमारे ०.१२ ग्रॅम. खड्यांच्या बाजारातली ‘पक्की’ रत्ती त्याच्या दीडपट, सुमारे ०.१८ ग्रॅम. ‘सव्वापाच रत्ती’ म्हटल्यावर एका हिशेबाने ३.२ कॅरेट होतात, दुसऱ्याने ४.८. कॅरेट आणि मिलिमीटर, ही दोनच मापं मागावीत.

“सर्टिफिकेट आहे, हॉलमार्कही आहे”

हॉलमार्क सोन्याचा. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी हा ओळखक्रमांक सक्तीचा आहे, दोन ग्रॅमखालच्या वस्तूंना सूट आहे, आणि ‘बीआयएस केअर’ अॅपवर तो तपासता येतो. खड्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. बिलात सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगळं हवं.

सर्टिफिकेट म्हणून डब्यात येणारं चकचकीत कार्ड बरेचदा विक्रेत्यानेच छापलेलं असतं. हिऱ्याला डी ते झेड अशी रंगाची सर्वमान्य श्रेणी आहे. रंगीत खड्यांना तशी नाही. ‘एएए’ ही दुकानदाराने स्वतःला दिलेली शाबासकी आहे. अहवाल स्वतंत्र प्रयोगशाळेचा हवा: जयपूरची आयआयजीजे-आरएलसी (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जीआयए, फार महाग खड्यासाठी स्वित्झर्लंडची एसएसईएफ किंवा ग्युबेलिन. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर अहवालाचा क्रमांक टाकून वजन आणि मिलिमीटर ताडून पाहावेत, आणि ‘ट्रीटमेंट’ची ओळ सगळ्यात आधी वाचावी. अहवालात किंमत नसते.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की तयार अंगठी मागवू नकोस, सुटा खडा मागव. कोंदणात बसल्यावर त्याचं नेमकं वजन होत नाही आणि तपासणीही अर्धवट राहते. परत करायची मुदत प्रयोगशाळेची फेरी होईल इतकी हवी, आणि पाकीट फोडताना व्हिडिओ काढ. बिनसलंच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या कायद्यानुसार तू राहतोस तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही.

त्याने आठवडाभर विचार केला आणि लॅबमधला नीलम घेतला, बिलावर तसं स्पष्ट लिहून घेऊन. उरलेल्या पैशांत दोघं फिरायला जाणार आहेत. ताईला त्याने सांगितलं, “आई, हा खाणीतला नाही, भट्टीत जन्मलाय. शनीच्या यादीत याचं नावच नसणार.” ताईने खडा खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, “तरी शनिवारी नका घालू.”